अम्मींचे रोजे आणि शुगर: तयारी चाँदरातीला नव्हे, रजबमध्येच

वालैकुम अस्सलाम.

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही कुवेतला नोकरीला, अम्मी चिपळूणजवळच्या गावी तुमच्या भाऊ-भाभीसोबत. वय ६१, शुगर ११ वर्षांपासून. ग्लिमेपिराइड १ मिलिग्रॅम आणि मेटफॉर्मिन ५०० अशी दोन्ही औषधं मिळून असलेली एकच गोळी सकाळ-संध्याकाळ, शिवाय ब्लडप्रेशरची एक गोळी, तिच्यात लघवी वाढवणारं औषधही आहे. गेल्या रमजानात नवव्या रोज्याला असरनंतर, म्हणजे दुपार टळल्यावरच्या नमाजनंतर, त्या स्वयंपाकघरात घामाघूम होऊन खाली बसल्या. भाभींनी दवाखान्यात नेलं तेव्हा शुगर ५२ निघाली. तरीही पुढचे रोजे त्यांनी कुणाचं न ऐकता पूर्ण केले, आणि यंदाही ठेवणारच म्हणतात. सेहरीला कुठली गोळी द्यायची, इफ्तारला कुठली, आणि मुळात ठेवू द्यावेत का, असं तुम्ही विचारलंय.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी २७ वर्षं दवाखाना चालवते. स्वतः रोजे ठेवते. रजब, म्हणजे रमजानच्या दोन महिने आधीचा महिना, लागला की माझ्याकडे तुमच्या अम्मींसारख्या बायका येऊ लागतात. खरं तर त्यांना लेक किंवा सून घेऊन येते, त्या स्वतःहून क्वचितच येतात. त्या अनुभवावरून सांगते. गोळी कधी घ्यायची हा तुमच्या प्रश्नाचा सोपा भाग आहे. अवघड भाग तुम्ही विचारलेलाच नाही: एखाद्या दुपारी साडेतीनला मशीनवर ६४ आकडा आला, तर त्या घरात रोजा सोडायचं कोण ठरवणार? हे आधी ठरलेलं नसेल तर त्या क्षणी ठरवतात खुद्द अम्मी. म्हणजे जिची शुगर उतरली आहे, तीच. शुगर उतरली की माणसाचं डोकं धड चालत नाही. चिडचिड होते, हट्ट वाढतो, ‘काही नाही, बरी आहे मी’ हेच तोंडून निघतं. गेल्या वर्षी भाभी घरात होत्या म्हणून निभावलं. यंदाची सगळी तयारी मी त्या एका दुपारच्या तासाभोवती करायला सांगेन.

आधी ठेवावेत की नाही याबद्दल. हे काही गोष्टींवर अवलंबून आहे आणि त्या मला इथून दिसत नाहीत: किडनीचं काम कसं चाललंय, तीन महिन्यांची सरासरी शुगर म्हणजे एचबीए१सी किती आहे, हृदयाचं काही दुखणं आहे का, आणि गेल्या महिनाभरात शुगर पुन्हा कधी उतरली होती का. आम्ही डॉक्टर रोज्याच्या दृष्टीने पेशंटचे तीन गट करतो: कमी धोक्याचे, मधले, आणि जास्त धोक्याचे. लहानपणापासून शुगर असलेले आणि दिवसातून चार वेळा इन्सुलिन घेणारे, डायलिसिसवरचे, नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेले, शुगर असलेल्या गरोदर बायका, आणि शुगर उतरली तरी ज्यांना काहीच जाणवत नाही असे लोक. यांना मी स्पष्ट सांगते की रोजा ठेवू नका. तुमच्या अम्मी यात सरळ बसत नाहीत. पण ११ वर्षांचा आजार आणि गेल्या वर्षीचे ते ५२, यामुळे त्यांना कमी धोक्यातही धरता येणार नाही. औषध आहे तसंच ठेवून त्या रोजे धरणार असतील तर माझं उत्तर ‘नाही’ आहे. औषध बदललं, किडनी ठीक निघाली, शाबानमधले, म्हणजे रमजानच्या आधीच्या महिन्यातले, चाचणीचे रोजे नीट गेले आणि घराने माझ्या अटी मानल्या, तर मी त्यांना सुरुवात करू देईन. महिनाभराची परवानगी देणार नाही, आठवड्या-आठवड्याने बघेन.

काही डॉक्टर म्हणतील, सरळ मनाई का करत नाही? मी सुरुवातीची काही वर्षं तेच करत होते. अशाच एका बाईंना मी ठणकावून सांगितलं, रोजे ठेवायचे नाहीत. त्यांनी मान डोलावली आणि घरी जाऊन रोजे धरले. दिवसा गोळी घेता येणार नाही म्हणून दिवसभराच्या सगळ्या गोळ्या सेहरीला एकदम घेतल्या. असरच्या वेळी रिक्षात घालून त्यांना माझ्याकडे आणलं तेव्हा त्या मला ओळखत नव्हत्या. त्या वाचल्या. पण मला कळलं, की माझ्या ‘नाही’ने त्यांचा रोजा थांबला नव्हता, फक्त त्यांनी मला विचारणं थांबलं होतं. २००१ साली भारतासह १३ देशांत शुगरच्या १२ हजारांहून जास्त मुस्लिम पेशंटची पाहणी झाली होती. त्यात मोठ्या वयात होणाऱ्या शुगरचे, म्हणजे टाइप २ चे, शंभरातले ७९ जण निदान १५ दिवस तरी रोजे ठेवत होते. आणि याच गटात, दवाखान्यात न्यावं लागेल इतकी शुगर उतरण्याचं प्रमाण एरवीपेक्षा साडेसात पट झालं होतं. हे दोन्ही आकडे मी एकत्र धरते. माणसं रोजे ठेवणारच आहेत आणि धोका खरा आहे, म्हणून तयारीला पर्याय नाही.

आता दुपारीच का उतरते ते सांगते, कारण हे कळलं की बाकी सगळं आपोआप उलगडतं. सेहरीला खाल्लेलं पहिले चार-पाच तास पुरतं. पुढे यकृत आपल्याकडची साठवलेली साखर थोडी थोडी रक्तात सोडतं आणि काम चालवून घेतं. निरोगी माणसाचं इन्सुलिन त्या वेळी आपणहून कमी होतं, म्हणून मला काही होत नाही. ग्लिमेपिराइडचं काम मात्र स्वादुपिंडाला ढोसून इन्सुलिन काढून घेण्याचं. पोटात भाकरी आहे की नाही हे ते औषध बघत नाही. त्याचा परिणाम दिवसभर राहतो. अम्मींनी सेहरीला ती गोळी घेतली असेल, तर दुपारी यकृताचा साठा आटत आलेला असतो आणि औषध अजून ढोसतच असतं. त्यात असरनंतर चुलीपुढे उभं राहून भजी तळायची. गेल्या वर्षीचे ५२ असे आले, यात मला नवल वाटत नाही.

मेटफॉर्मिनचं तसं नाही. एकट्या मेटफॉर्मिनने शुगर अशी खाली जात नाही. म्हणून दोन वेळा मेटफॉर्मिन घेणाऱ्याला आम्ही एक इफ्तारला आणि एक सेहरीला सांगतो, डोस बहुधा तोच राहतो. अडचण ही आहे, की अम्मींच्या एकाच गोळीत दोन्ही औषधं आहेत. त्यातलं एक कमी करायचं तर गोळीचे तुकडे करून जमत नाही. म्हणून पहिलं काम: त्यांच्या डॉक्टरांकडून ही दोन औषधं वेगवेगळ्या गोळ्यांत लिहून घ्या. मग सेहरीचं ग्लिमेपिराइड कमी करता येईल, बंद करता येईल, किंवा त्याऐवजी दुसरं काही देता येईल. मी माझ्या पेशंटना बऱ्याचदा सिटाग्लिप्टिन किंवा विल्डाग्लिप्टिनवर आणते. ही औषधं शुगर चढलेली असते तेव्हाच मुख्यतः काम करतात, उपाशीपोटी खाली ओढत नाहीत. पूर्वी ती महाग होती. २०१९ च्या अखेरीस विल्डाग्लिप्टिनचं आणि २०२२ मध्ये सिटाग्लिप्टिनचं पेटंट संपलं, तेव्हापासून साध्या कंपन्यांच्या गोळ्या सामान्य घराला झेपतील अशा मिळतात. तरी कुठलं औषध आणि किती, हे अम्मींचे रिपोर्ट हातात घेतलेल्या डॉक्टरनेच ठरवायचं. माझं हे वाचून तुम्ही कुवेतहून फोनवर गोळी बदलू नका, भाभींनाही बदलू देऊ नका.

ब्लडप्रेशरच्या गोळीबद्दलही विचारा. लघवी वाढवणारं औषध म्हणजे तेरा तास पाणी नसताना शरीरातलं पाणी आणखी बाहेर काढणं. महिनाभरापुरती त्या औषधाशिवायची गोळी चालेल का, आणि ती इफ्तारनंतर घ्यायची का, हे डॉक्टरांना सांगता येईल. अम्मींना पाणी कमी पडल्याने चक्कर आली तर घरात सगळे शुगर-शुगर करत बसतील.

वेळेचा हिशेब असा. हे लिहिताना रजब चालू आहे. रमजान चाँदवर अवलंबून, पण आपल्याकडे २०२६ मध्ये १९ फेब्रुवारीच्या आसपास लागेल. म्हणजे हातात सहा-सात आठवडे आहेत, आणि ते पुरेसे आहेत. या आठवड्यात रक्ताच्या तपासण्या: एचबीए१सी, किडनीसाठी क्रिएटिनिन, सोबत लघवीतली प्रथिनं. डोळ्यांचा पडदा वर्षभरात तपासला नसेल तर तोही. पुढच्या आठवड्यात औषध बदल, म्हणजे नवं औषध अंगी लागायला चार आठवडे मिळतात. औषध चाँदरातीला, म्हणजे रमजानचा चाँद दिसतो त्या रात्री, बदलणं ही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक, आणि माझ्याकडे येणारे निम्मे लोक तेव्हाच येतात.

मग शाबान. शाबानमध्ये नफिल, म्हणजे ऐच्छिक, रोजे ठेवायची रीत आपल्याकडे आहेच. १३, १४, १५ शाबानचे तीन रोजे, म्हणजे शब-ए-बारातच्या सुमाराचे, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात येतात. हे तीन अम्मींना नव्या औषधावर, मशीन जवळ ठेवून, धरू द्या. नफिल रोजा अर्ध्यावर सोडावा लागला तर मनावर तेवढं ओझं नसतं, म्हणून चाचणीला ते बरे. त्या तीन दिवसांत शुगर लिहून ठेवायची: सेहरीच्या आधी, सकाळी दहाला, दुपारी एकला, साडेतीनला, इफ्तारच्या आधी, आणि इफ्तारनंतर दोन तासांनी. तो कागद डॉक्टरला दाखवायचा. मला तरी त्या अठरा आकड्यांवरून जेवढं कळतं तेवढं एचबीए१सीवरून कळत नाही. दुपारचे आकडे ९० च्या खाली घसरत असतील तर औषध अजून कमी करावं लागेल. दुपार चांगली आणि इफ्तारनंतर ३०० असेल, तर दोष ताटात आहे. आणि या तीन रोज्यांतच ७० च्या खाली गेली, तर यंदा रमजानचे रोजे नकोत असं मी सांगेन, आणि त्या वेळी अम्मींना ते पटतंही, कारण आकडा त्यांनी स्वतः पाहिलेला असतो.

मशीनबद्दल दोन गोष्टी. पट्ट्या नव्या घ्या, तारीख बघून, आणि डबीचं झाकण लगेच लावायचं. कोकणातल्या दमट हवेत उघड्या पट्ट्या लवकर खराब होतात आणि खोटे आकडे दाखवतात. टोचण्याआधी बोट पाण्याने धुऊन पुसायचं. खजूर चिरलेल्या चिकट बोटाची शुगर १८० दाखवते आणि खरी ६५ असू शकते. दुसरं, बोटाला टोचल्याने रोजा तुटतो ही समजूत. या एका गैरसमजापायी माझ्याकडे किती मशीनं महिनाभर कपाटात पडून राहिली असतील! धर्माच्या नियमांच्या दोन परंपरा आपल्याकडे आहेत: आपण कोकणातले बहुतेक शाफई, घाटावरचे बहुतेक हनफी. दोन्हीकडच्या मौलानांनी मला हेच सांगितलं आहे, की तपासणीसाठी थेंबभर रक्त काढल्याने रोज्याला काही होत नाही. इन्सुलिनच्या इंजेक्शनबद्दलही तेच. पण अम्मींना हे माझ्या तोंडून नको, तुमच्या मोहल्ल्याच्या इमामसाहेबांकडून ऐकवा.

आता त्या दुपारच्या तासाकडे येते. आकडे असे, आणि हे शुगरच्या तज्ज्ञांचे जगभर मान्य असलेले आकडे आहेत. ७० च्या खाली गेली, की रोजा सोडायचा. ७० ते ९० च्या मध्ये असेल तर तासाभरात पुन्हा बघायची. ३०० च्या वर गेली तरी सोडायचा आणि डॉक्टरला फोन करायचा, कारण तितक्या शुगरला लघवीवाटे पाणी जात राहतं आणि वर प्यायला काही नसतं. आकडा काहीही असो. दरदरून घाम, हाताला कापरं, डोळ्यापुढे अंधारी, बोलणं अडखळणं यातलं काही दिसलं तर आधी सोडायचा, मग मशीन शोधायचं. उलट्या-जुलाब लागले तर त्या दिवशी रोजा नाही. आणि मगरिबला, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजला, पंधरा मिनिटं उरली असतील तरीही थांबायचं नाही. ही अट मी लिहून घेते, कारण याच पंधरा मिनिटांत लोक म्हणतात, ‘आता काय, बांग होईलच.’ शुगर आणखी खाली यायला पंधरा मिनिटं पुरतात.

हे सगळं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर चिकटवा. खाली अम्मींची सही घ्या. मी खरंच घेते सही. रमजानच्या आधी, शुगर चांगली असताना, डोकं शांत असताना त्यांनी स्वतः कबूल केलेलं असतं. मग दुपारी भाभींना सासूशी हुज्जत घालावी लागत नाही, फक्त कागद दाखवावा लागतो. सुनेला सासूचा रोजा सोडवायला लावणं सोपं नसतं, हे मी दोन्ही बाजूंनी भोगलेलं आहे. त्यासाठी तिच्या हातात काहीतरी द्यावं लागतं.

शुगर उतरली म्हणून रोजा सोडायला खजूर नको, तो चघळून अंगी लागेपर्यंत वेळ जातो. अर्धा ग्लास पाण्यात तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर. पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचून बघायचं, अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच. वर आली की भाकरी आणि काहीतरी कालवण पोटात जाऊ द्या. त्या अजून ग्लिमेपिराइडवर असतील, तर एकदा वर आली म्हणून निश्चिंत होऊ नका. ते औषध पुढचे काही तास पुन्हा खाली ओढू शकतं, म्हणून रात्रभर दोन-तीनदा बघा आणि डॉक्टरांना कळवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही ओतायचं नाही, थेट हॉस्पिटल.

बोलण्याबद्दल एक सांगते. आपण मगरिबला रोजा ‘सोडतो’, आणि मध्येच थांबला की ‘तोडला’ म्हणतो. त्या ‘तोडला’ शब्दाचं ओझं म्हाताऱ्या माणसांना सोसत नाही. मी दवाखान्यात तो शब्द वापरत नाही. ‘आज तुमच्या रोज्याची कझा झाली’, म्हणजे तो नंतर भरून काढायचा, एवढंच म्हणते. मी आलिम नाही, पण सूरह अल-बकराच्या १८४ आणि १८५ व्या आयतीत आजारी आणि प्रवासी माणसाला दुसऱ्या दिवसांत मोजणी पूर्ण करायची सवलत आहे, आणि अल्लाहला तुमच्यासाठी सोपेपणा हवा आहे, कठीणपणा नको, हे शब्दही तिथेच आहेत. कित्येक बायकांना वाटतं, मध्येच सोडला तर सलग साठ रोज्यांचा कफ्फारा, म्हणजे प्रायश्चित्त, लागेल. आजाऱ्याला तो नाही. एका रोज्याची बदली एकच रोजा. आजार कायमचा असेल आणि कझाही झेपणार नसेल, तर फिद्या, म्हणजे दर रोज्यामागे एका गरजूचं जेवण. कोणाला कझा आणि कोणाला फिद्या, हे इमामसाहेब सांगतील. मी एका वर्षी आमच्या इमामसाहेबांना दवाखान्यात बोलावून दुपारी चारला शुगर उतरलेली एक बाई दाखवली होती. पुढच्या जुम्म्याला त्यांनी मशिदीतल्या मिंबरवरून जे दहा मिनिटं सांगितलं, त्याचा उपयोग माझ्या दहा वर्षांच्या सांगण्यापेक्षा जास्त झाला. तुमच्या भावाला जमलं तर अम्मींच्या डॉक्टरांनी आणि इमामसाहेबांनी एकदा एकमेकांशी फोनवर बोलावं, एवढी तजवीज करायला सांगा.

कझा करायचीच तर ती डिसेंबरात. तेव्हा आपल्याकडे रोजा सव्वाबारा तासांचा असतो आणि हवा थंड. फेब्रुवारी-मार्चमध्ये तेरा तासांहून थोडा जास्त, आणि कोकणात त्या दिवसांत ऊन कसं तापतं हे तुम्हाला माहीत आहे. २०१८ चा रमजान मे-जूनमध्ये होता, त्या मानाने हे दिवस बरेच सुसह्य आहेत.

स्वयंपाकघराबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण डॉक्टरच्या चिठ्ठीत ते येत नाही. आपल्या घरांत सेहरीला सगळ्यात आधी उठते ती घरातली मोठी बाई. सगळ्यांना वाढते, आणि अजान व्हायला पाच मिनिटं असताना दोन घास चहाबरोबर गिळते. दुपारी असरपासून मगरिबपर्यंत ती चुलीजवळ. इफ्तारला पोरांच्या ताटल्या, शेजारी पाठवायची ताटं, मशिदीत पाठवायचा डबा. हिचा खजूर तोंडात, पण पोटात काही जायला अर्धा तास. शुगर असलेल्या बाईचे धोक्याचे तास आणि तिच्या कामाचे तास तंतोतंत एकच आहेत. माझ्या दवाखान्यात रमजानात शुगर उतरून आलेल्यांत पुरुषांपेक्षा बायका जास्त दिसतात, आणि माझ्या मते त्याचं कारण हेच. तेव्हा घरात ठरवून टाका: असरनंतर अम्मी स्वयंपाकघरात नाहीत. तो वेळ त्यांनी पंख्याखाली बसून कुराणाच्या तिलावतीला द्यावा. हे सांगितलं की त्यांना नाकारता येत नाही. भाऊ घरी असेल तर मसाला वाटणं, भांडी, शेजारी ताटं पोचवणं त्याने करावं. आणि इफ्तारला पहिलं ताट अम्मींचं.

सेहरी चारला खाऊन झोपू नका. सेहरी उशिरा आणि इफ्तार वेळ होताच, ही तर सुन्नतच आहे, आणि शुगरलाही तेच मानवतं. सेहरीची वेळ तेव्हा साधारण पावणेसहाला संपते. पाचला उठून सव्वापाचला खाल्लं तर उपवासाचा एक तास वाचतो. ताटात तांदळाच्या भाकरीपेक्षा नाचणीची बरी, ती हळूहळू पचते. सोबत मुगाची किंवा चवळीची उसळ, अंडं किंवा ताज्या मासळीचं कालवण, वाटीभर दही. सुकट, सोडे, सुका बोंबील, लोणचं, पापड सेहरीला नको. दुपारी जीव पाण्यापाण्याला होतो. चहा दिवसातून पाच वेळा घेण्याची सवय असेल तर आत्तापासून एकेक कप कमी करत आणा. पहिल्या तीन रोज्यांची डोकेदुखी बऱ्याचदा चहा तुटल्याची असते, आणि मग लोक उगाच गोळ्या खातात.

इफ्तारला एक खजूर. विषम संख्येत खायची रीत आहे, आणि एक ही संख्याही विषमच. परदेशातून तुम्ही पाठवता तो मोठा मेदजूल खजूर असेल, तर एकात जवळजवळ चार चमचे साखर असते. आपला साधा लहान खजूर त्याच्या निम्म्याहूनही कमी. अम्मींसाठी तो पाठवा, प्रेमाने पाठवा, पण दिवसाला अर्धा. गुलाबी सरबताऐवजी पाणी, लिंबूपाणी किंवा पातळ ताक. शहाळं चालेल, पण किडनीचा रिपोर्ट बरा निघाला तरच. खजूर-पाण्यानंतर मगरिबची नमाज, मग सरळ जेवण. भज्यांची एक आणि जेवणाची दुसरी, अशा दोन पंगती नकोत. सांदण, फिरनी घरात होणारच. आठवड्यातून एकदा, लहान वाटीभर, जेवणासोबत. पाणी इफ्तारपासून सेहरीपर्यंत तासातासाला थोडं थोडं, सात-आठ ग्लास. सेहरीला एकदम चार ग्लास प्यायलेलं तासाभरात निघून जातं. तरावीहच्या, म्हणजे रमजानातल्या रात्रीच्या नमाजच्या, वीस रकाती हाच त्यांचा त्या महिन्याचा व्यायाम, दिवसा वेगळं चालायला जायची गरज नाही. पाण्याची बाटली जवळ असू द्या.

ईदचा दिवस कोणी मोजत नाही. त्या सकाळी गोळ्यांची वेळ एकदम बदलते आणि त्याच सकाळी शीरखुर्मा. रमजानचा डोस आणि ईदनंतरचा डोस, असे दोन वेगळे कागद डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. माझ्याकडे ईदनंतरच्या आठवड्यात ४०० शुगर घेऊन येणारे लोक असतात, कारण कमी केलेला डोस त्यांनी तसाच चालू ठेवलेला असतो.

आता तुमच्या वाट्याचं काम. कुवेतमध्ये रमजान बहुधा आपल्यापेक्षा एक दिवस आधी लागतो. तुमची चाँदरात झाली की घरी फोन करून मशीन, पट्ट्या, ग्लुकोज आणि फ्रिजवरचा कागद, चारही जागेवर आहेत का हे भाभींना बघायला सांगा. तुमचं घड्याळ इथल्यापेक्षा अडीच तास मागे आहे. इथे साडेतीन वाजतात तेव्हा तुमच्याकडे एक, जुहरची सुट्टी. रोज त्या वेळी फोन करा. ‘कशी आहेस’ विचारू नका, ‘बरी आहे’ म्हणतील. मशीनवर किती आलं, तो आकडा विचारा, आणि फोन ठेवण्याआधी तोच आकडा भाभींकडूनही ऐका.